हिरवा दिवा

२ मार्च, दुपार
कानामागचं मशीन आज चालू झालं. अडीच वर्षांचा असताना बहिरा झालो, आता त्रेचाळिसावं चालू आहे. मशीनवाल्या मॅडम म्हणाल्या, सुरुवातीला सगळं पत्रा वाजल्यासारखं वाटेल, मेंदूला शिकवायला वर्ष लागेल, तोवर मशीन दिवसभर लावायचं. हे सामान्य मेंदूंसाठी. मला तीन आठवडे पुरेत.
मशीन चालू असलं की त्यावर हिरवा दिवा लागतो. बायको त्या दिव्याकडे बघून रडली.
बायको गाते. लग्नाला सोळा वर्षं झाली, मी एकदाही ऐकलेलं नाही. तरी आवाज गोड आहे असं चारचौघांत सांगत असतो. ओठांवरून कळतं. २८ तारखेला तिचा कार्यक्रम आहे, तिची एकटीची दोन गाणी. पहिल्या रांगेत बसून ऐकीन असं तिने माझ्याकडून वदवून घेतलं. त्यात वदवून काय घ्यायचं?
संकल्प : रोज सकाळी अर्धा तास सराव. तिने माझ्या पाठीमागे उभं राहून गायचं, मी ओठ न बघता ओळखायचं.

३ मार्च
वीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय, पण ती इतकी भांडखोर असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुकानाच्या भिंतीवर एकतीस. अकरापर्यंत सोसलं. मग स्टुलावर चढून लंबक थांबवले, सेल काढले. एक गिऱ्हाईक आलं, भिंतीकडे बघून दारातूनच परत गेलं. दादा भडकला. दुकान दोघांचं आहे, त्यामुळे भडकायचा त्याला निम्माच हक्क. शेवटची वाक्यं मी बघितली नाहीत.
सराव उद्यापासून.

६ मार्च
सराव! बायको पाठीमागे गायली. मला वाटलं, बादली सरकवतेय. तसं सांगितलं, कारण शिकताना प्रामाणिकपणा हवा. ती म्हणाली, अहो, परत ऐका. परत बादलीच, पण जरा लांबची. म्हणजे प्रगती आहे. सात मिनिटं झाली. मिनिटं मोजण्यात अर्थ नाही, दर्जा बघावा.

११ मार्च
डोकं दुखतं. मशीन डबीत. आधी थिअरी पक्की करावी म्हणून संगीतावरचं जाडजूड पुस्तक आणलं. दोन दिवसांत सूर, लय, श्वास सगळं समजलं. जेवताना मशीन लावून बायकोला तिच्या श्वासाबद्दल चार सूचना केल्या. तिने विचारलं, तुम्ही ऐकलंय कधी मला? मी म्हटलं, ऐकणं ही फार वरवरची गोष्ट आहे. ती उठून गेली. ताट आपटल्याचा आवाज मात्र न बघता ओळखला! मॅडमना कळवायला हवं.

१७ मार्च
मॅडमनी मशीन कॉम्प्युटरला जोडलं. ते किती वेळ चालू होतं याची नोंद आत राहते, हे आधी सांगायला नको? दिवसाला सरासरी पन्नास मिनिटं निघाली. बायको शेजारीच बसली होती. मी म्हटलं, कॉम्प्युटर चुकला असेल.
उद्यापासून दिवसभर लावणार. नक्की.

२८ मार्च, संध्याकाळ
पहिली रांग. दिवा हिरवा. आधी तिघे वादक आले. नुसत्या बादल्या! दोन मिनिटं विश्रांती म्हणून मशीन बंद केलं. बायको आली की चालू करणारच होतो. पण ती इतकी छान दिसत होती की म्हटलं, मध्ये खरखर कशाला? डोळ्यांनीच मनसोक्त ऐकलं. पहिली टाळी माझी. ती सारखी माझ्या कानाकडे बघत होती.
घरी येताना म्हटलं, दुसरं गाणं तर काय रंगलं! ती म्हणाली, स्टेजवरून दिवा दिसतो. अंधारात लांबूनही दिसतो.
मी म्हटलं, सेल संपला असेल. ती पुढे चालू लागली. समजूतदार आहे.

२ एप्रिल, सकाळ
आजपासून सराव, मनापासून. बायको स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. बाजूने ओठ हलताना दिसले. दारात उभा राहून मशीन लावलं. दिवा लागला, तिने वळून बघितलं आणि ओठ मिटले. मशीन बंद केलं, ओठ पुन्हा हलू लागले. तीनदा करून पाहिलं. नवीन कानांना त्रास नको म्हणून थांबत असणार. तरी वाईट वाटलं.
शेवटी मशीन डबीत ठेवलं आणि तिथेच स्टुलावर बसलो. तिने माझ्याकडे पाठ केली.
गात असावी. खांदे हलत होते.