कुंकवाचा डाग लागलेली नोट

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, नांदेड

सकाळी अहमदपुरात भरल्या सभागृहाला खोटी नोट कशी ओळखायची ते शिकवलं. आवाज चढवून. टाळ्याही पडल्या.

दुपारी भोकरला थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे गेलो. देव्हाऱ्यात पाचशेची नोट दिसली. सवयीनं उजेडात धरली. आतला धागा नुसता छापलेला, म्हणजे खोटी. कोपऱ्यावर कुंकवाचा डाग. भाऊबीजेला ओवाळणी म्हणून मीच ताटात टाकली होती. न बघता. मी!

"किराणावाल्यानं घेतली न्हाई," अक्का म्हणाली. "चारचौघांत हसला वर. म्हातारे, घरी छापखाना टाकलास का, म्हणे. कुणी दिली इचारलं, तर म्या म्हणलं रस्त्यात सापडली."

"माझं नाव का नाही सांगितलंस?"

"तू गावोगाव खऱ्याखोट्यावर बोलून राहिलास. लोक काय म्हणतील बाबा?"

माझं नाव राखायला ती खोटं बोलली आणि महिनाभर गप्प बसली. तो डाग मला टिळा लावलेल्या तिच्याच बोटाचा. ओळखली नसेल का तिनं?

तिला घेऊन त्याच दुकानात गेलो. गिऱ्हाइकं होती. इतकी वर्षं माईकसमोर उभा राहतोय, पण तिथं भाषण केलं नाही. एवढंच बोललो, "ही नोट माझी. अक्काला मी दिली होती."

उद्या ती नोट खोटी आहे असं सांगून बँकेत द्यायची. डागासकट.

परतताना अक्का माझा हात धरून चालत होती. माझी भाषणं लांबतात, ही तिची जुनी तक्रार. घराशी येऊन म्हणाली, "आज लई चांगलं बोललास."