गाडीचा रस्ता

मलकापूर,
२८ एप्रिल १९९८

चि. मुजम्मिल यास सलिमाआपाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

नसरीनचे दहावीचे पेपर बरे गेले हे वाचून जीव भांड्यात पडला. लेकीचं अक्षर मात्र कोंबडी चालून गेल्यासारखं आहे. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनं बघितलं असतं तर बोटांवर पट्टी बसली असती.

तुझ्या ट्रक युनियनचा बंद किती दिवस चालायचा? सेक्रेटरीसाहेबांना हे विचारायची हिंमत या घराण्यात माझ्याशिवाय कुणाला? युनियन नव्हती तेव्हा अब्बा अडत्याच्या पायरीवर चार-चार दिवस बसून असायचे आणि भाडं भलताच कुणी घेऊन जायचा, हे मी विसरले नाही. आता ऑफिसच्या भिंतीवर प्रत्येक गाडीची पत्र्याची पाटी आहे, पहिल्या खिळ्यावर जिची पाटी तिला भाडं. एका गाडीचा मालक आणि दहा गाड्यांचा मालक एकाच रांगेत, हे चांगलंच. पण त्याच रांगेत तुझ्या दुल्हाभाईंची पाटी बारा-बारा दिवस लटकते, आणि जुन्या दोस्तानं हाक मारली तरी नंबर सोडून जायची सोय नाही. खिळ्याला टांगलेला माणूस झालोय की मी, असं हे परवा म्हणाले.

आता खरी गोष्ट. यांच्या देवगडच्या दोस्ताची बाग यंदा एकदम पिकली. बंद उठेपर्यंत आंबा थोडाच थांबतो! तो माणूस दारात येऊन रडला, म्हणून हे गाडी घेऊन गेलेत. इथल्या नाक्यावर तुमची माणसं बसली आहेत, तेव्हा परतताना करूळ घाटानं गगनबावड्यावरून येतील. ३ तारीख, दुपारी तीनच्या सुमारास.

तुला हे लिहावं की नाही, असं क्षणभर वाटलं. पण अब्बांची रीत मोडवत नाही. गाडी काढण्याआधी ते मला रस्ता सांगायचे आणि मी, घरातली पहिली लिहिणारी, अब्बांच्या बहिणीला, शिरोळच्या फुफूला, कार्ड टाकायचे: अमुक रस्ता, अमुक वेळ, चहा ठेवणे. जिचा रस्ता कुणाला तरी ठाऊक असतो ती गाडी घरी परतते, असं ते म्हणायचे. म्हणून तुला कळवलं. सांभाळून घे.

लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.

तुझी,
सलिमाआपा

---

कोल्हापूर,
३० एप्रिल १९९८

ती. आपास मुजम्मिलचा स. सलाम. वि. वि.

पत्र पोचलं. दुल्हाभाईंनी असं करायला नको होतं, मला अवघड होतं. पण आता गेलेच आहेत तर तू काळजी करू नकोस. गगनबावड्याच्या हॉटेलात चहा सांगून ठेवतो, अब्बांसारखा, आलं जास्त घातलेला. नसरीन म्हणते, आपाफुफूला सांगा, कोंबडीचं अक्षर निदान कोंबडीला तरी वाचता येतं.

माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
मुजम्मिल

---

मलकापूर,
२४ मे १९९८

मुजम्मिल,

वरचा मायना मुद्दाम सोडला आहे.

हे काल दवाखान्यातून घरी आले. उजव्या हाताची तीन बोटं गेली. घाट चढून आल्यावर रस्त्यात तीस माणसं उभी होती. पावणं, उतरा की खाली, लई घाई हाय व्हय, असं हसत हसतच म्हणत होती म्हणे. मग कुणी तरी केबिनचं दार ओढलं, आपटलं, आणि यांचा हात त्यात सापडला. आंबा दरीत गेला. हॉटेलात चहा तयार होता, हेही यांनी सांगितलं. तो त्या तिसांनी प्यायला.

तो रस्ता जगात दोनच माणसांना ठाऊक होता, यांना आणि मला. आणि मी एकालाच लिहिला होता.

यांना उचलून कोल्हापुरात आणलं तुमच्याच गुंडू ड्रायव्हरनं. अडवणाऱ्यांत तोही होता. दवाखान्याच्या दारात ढसाढसा रडला, वैनी, दार मी न्हाय आपटलं, एवढंच म्हणत राहिला. आता बंद उठलाय. जखमी माणसाचा नंबर मोडायचा नाही हा तुमचा नियम म्हणून यांची पाटी खिळ्यावर आहे, आणि नंबर लागला की गुंडू आमची गाडी चालवतो, एक पैसा घेत नाही. तुमच्याच युनियननं हात मोडला आणि तुमच्याच युनियननं चूल पेटती ठेवली. हिला शिव्या द्याव्यात की दुवा, मला समजेना झालंय. तुझ्याबद्दल मात्र समजलं.

उत्तर पाठवू नकोस.

सलिमा

---

कोल्हापूर,
२० नोव्हेंबर २००३

ती. आपास स. सलाम. वि. वि.

पाच वर्षं दर ईदला कार्ड टाकलं, त्यात ईद मुबारकपलीकडे काही लिहिलं नाही. आज लिहितो.

चहा सांगितला तेव्हा माझ्या मनात पाप नव्हतं. दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. आमचे अध्यक्ष हंबीरराव दोनशे माणसांसमोर उठले आणि म्हणाले, सेक्रेटरीचा मेव्हणा आंबा भरतोय आणि सेक्रेटरी बसलाय गप. गरिबाला येक न्याय आणि पावण्याला येक व्हय? सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यांतले निम्मे घरात दाणा नसताना बंद पाळत होते. तुझं पत्र खिशातच होतं. मी ते काढलं आणि मोठ्यानं वाचलं. शिरोळच्या फुफूपर्यंत सगळं. मला वाटलं, गाडी अडवतील, चार शब्द बोलतील, परत पाठवतील. टाळ्या पडल्या, आपा. त्या मला आवडल्या, हेही लिहितो.

गुंडूनं दोन वर्षांनी सांगितलं. सगळी माणसं गगनबावड्याला बसवून हंबीररावांनी त्याच दुपारी स्वतःच्या तीन भरलेल्या गाड्या आंबा घाटानं, तुझ्या मलकापुरावरून आणल्या. नाक्यावर त्या दिवशी कुणी नव्हतंच. ज्यांच्यासमोर तुझं पत्र वाचलं त्यांना मी तुला विकत होतो, आणि मला कोण विकत होतं ते दिसलं नाही. मी राजीनामा दिला. युनियन वाईट म्हणत नाही मी, आजही पाट्यांची रांग आहे म्हणून एका गाडीवाल्याचं घर चालतं. रांगेच्या तोंडाशी उभा राहणारा माणूस बघायला हवा होता.

नसरीनचा निकाह १४ डिसेंबरला ठरला आहे, पत्रिका सोबत आहे. तू आणि दुल्हाभाई आल्याशिवाय ती मेहंदी लावून घेणार नाही, असं हट्टानं म्हणते. कुठल्या गाडीनं, कुठल्या रस्त्यानं, किती वाजता येता तेवढं कळव. चहा घेऊन उभा राहतो.

माया उरली असेल तेवढीच पुरे.

मुजम्मिल

---

मलकापूर,
२८ नोव्हेंबर २००३

चि. मुजम्मिल यास आशीर्वाद.

तुझी पाचही कार्डं माझ्या शिवणाच्या डब्यात आहेत. यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. बराच वेळ डाव्या हातानं उजवा हात चोळत बसले. मग म्हणाले, पोरीनं काय केलंय, जाऊ की.

नसरीनसाठी अम्मीची चांदीची सुरमेदाणी आणते. तिला सांग, अक्षर आता सुधारलंय, पत्रिकेवरचा पत्ता तिच्या हातचा आहे हे मी ओळखलं.

आम्ही दोघं येतो. निकाहाच्या आधी पोचू. कुठल्या रस्त्यानं आणि किती वाजता, ते लिहीत नाही.

सलिमाआपा