पिकअपची खांदशेकणी

अकोला, ३ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस समीक्षाचा सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघंही ओरडतो आणि मुद्दा राहून जाते, म्हणून लिहून राह्यली. फोन मधातच कापता येते, पत्र कापून दाखवा!

बुलढाण्याहून ढेपीची पोती भरून घाट उतरताना पाय तळाले गेला तरी ब्रेक धरेना, हे मले मायनं सांगितलं. तुम्ही काऊन लपवलं? पुढं डिस्क हाये, पण मागच्या चाकांचे ब्रेक ड्रमचे, म्हणजे झाकणबंद डबा. घाटात तापला की गरमी आतच कोंडते, पकड ढिली पडते. डिस्क म्हणजे उघडी चकती, तिले वारा लागते. आपल्या गाडीले मागं डिस्क बसेल असं सामान मी शोधलं, हँडब्रेकसकट. मी काम करते त्या गॅरेजातल्या उस्तादांनीही पाहून घेतलं.

गाडी माह्या हातात द्या. घाट निभावला तं रोहिणखेडच्या फाट्यावर आपल्या जागेत मी माह्या नावानं गॅरेज टाकीन. नाही निभावला तं इथंच दुसऱ्याच्या हाताखाली राहीन, पुन्हा विषय काढणार नाही.

मायले नमस्कार. लोभ वाढवा, आवाज कमी करा.

तुमची समीक्षा


रोहिणखेड, १८ ऑगस्ट

चि. समीक्षास अ. उ. आ.

तू डिस्क बसवून गेली, अन् काल गाडी गच्च भरून घाट उतरलो. पाय अर्ध्यावर, गाडी जागेवर! तोंडावर म्हटलं नसतं, पण कागदावर लिहितो : झकास काम केलं पोरी.

शेजारचा भगवानराव पारावर म्हणे, पोरीनं ब्रेक लावले, आता देवाचं नाव घेत हिंडा. मी म्हटलं, तुमच्या पोराले साधं पंक्चर तरी काढता येते का? दिवसभर लोक चाकापाशी वाकून पाहून राह्यले. मी बी काम नसताना गाडी दोनदा पुसली. तुही माय तं बायांले बोलावू बोलावू दाखवते, पाहा माह्या पोरीच्या चकत्या, कशा ताटासारख्या चकाकतात. बैल विकल्यापासून पोळ्याले दार सुनं वाटे. यंदा पिकअप सजवून गावच्या बैलांसंगं वेशीवरच्या तोरणाखाली न्यायची असं तिनं ठरवलं हाये.

फाट्याच्या जागेचं पोळा झाल्यावर बोलू. जेवत जाजो.

तुहा बाप तुळशीराम


रोहिणखेड, २४ ऑगस्ट

चि. समीक्षास आशीर्वाद.

कसं लिहू समजत नाही. पोळ्याच्या दिवशी गाडीवर झूल टाकून तोरणाकडे निघालो. वेशीच्या उतारावर ब्रेक दाबला, गाडी थांबेचना. हँडब्रेक ओढला तरी घसरत गेली अन् साऱ्या गावासमोर भगवानरावच्या उकिरड्यात रुतली. कोणाले लागलं नाही, देवाची कृपा. भगवानराव मोठ्यानं म्हणाला, पोरीचा ब्रेक एक पोळा बी नाही टिकला. तुह्यावर राग नाही बेटा, पण मान खाली गेली. फाट्याचं सध्या राहू दे.

माय रडून राह्यली. म्हणते, मी काय कमी केलं? आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात तशी गाडीची खांदशेकणी केली. लोणी-हळद लावून 'आज आवतन घे, उद्या जेवाले ये' म्हटलं. वझं त्या चकत्याच धरतात म्हणून चाकाच्या भोकातून बोटं घालून त्यांलेच चोळलं. मागच्यांले लावलं तं पुढच्यांनी काय पाप केलं, म्हणून चारहींले लावलं. एवढं करून बी देव कोपला, म्हणते.

जिवाले लावून घेऊ नको.

तुहा बाप


अकोला, २७ ऑगस्ट

ती. बाबा आणि माय, सा. न. वि. वि.

पत्र वाचताना आधी रडली, अन् शेवटी एवढी हसली की उस्ताद धावत आले. बाबा, ब्रेक फेल नाही झाला, लोण्यावरून घसरला! डिस्कले दोन्हीकडून पॅड चिमटीत धरतात. चिमटीत लोणी आल्यावर कोण काय धरणार? ड्रम बंद होता म्हणून इतके दिवस मायचा हात तिथवर पोचला नाही.

मायले एक शब्द बोलाल तं पाहा. तिनं माह्या कामाले बैलाचा मान दिला. एवढी मोठी शाबासकी मले अकोल्यात कोणी दिली नाही.

गाडी हलवू नका. रविवारी येते, डिस्क धुते, चारही चाकांचे पॅड नवे टाकते. मंग तुम्ही पुन्हा एकदा घाट उतरा आणि तवाच ठरवा. माही एवढीच विनंती.

तुमची समीक्षा


रोहिणखेड, ४ सप्टेंबर

चि. समीक्षास पोटभर आशीर्वाद.

फाट्यावरच्या जागेतलं गवत काढलं, पेंटरले बोर्ड सांगितला. नाव तुहं एकटीचं. सामान घेऊन ये. भगवानरावले काही सुनावत बसलो नाही. त्याची गरजच राह्यली नाही, काऊन ते सांगतो.

तू पॅड बदलून गेल्यावर भाजी घेऊन बुलढाण्याले निघालो, माय हट्टानं संगं बसली. तुले तं माहीतच हाये, ती घाटात एका हातानं खिडकीवरची दांडी धरते अन् देवाचं नाव घेते. लग्नापासून असंच. परतताना गाडी पोत्यांनी भरलेली, रस्ता ओला, अन् वळणावर समोरून ट्रक आला. ब्रेक दाबला. गाडी अशी अलगद थांबली की पोतं हललं नाही. माह्या डोळ्यांत पाणी आलं. मायले म्हणणार होतो, पाह्य तुह्या पोरीचं काम, तं ती खिडकीले डोकं टेकून घोरून राह्यली होती. मी उठवलं नाही.

दारात गाडी उभी केली तवा जागी झाली. पदर सावरला, घाईघाईनं दांडी धरली अन् मले विचारते, घाट अजून आला काऊन नाही?

असाच जीव लावत राह्य.

तुहा बाप तुळशीराम