आईच्या लुगड्यातलं बी

१४ जुलै
आज पुडी सोडली. आईच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा, दोऱ्याच्या तीन गाठी. मेपासून देवघरात होती. कात्री लावावीशी वाटली नाही, दातांनी गाठी सोडल्या. आत भेदऱ्यांचं बी. बाजारात टमाटे म्हणतात, आमच्या जानेफळच्या घरात भेदरंच.

मेहकरला हक्कसोडीवर सही केली त्या दिवशी दादाने विचारलं होतं, आणखी काय पाहिजे. म्हटलं, शेत तुझं, घर तुझं, मला फक्त आईच्या भेदऱ्यांचं बी दे. लिहिणारा कारकूनसुद्धा हसला. दादा म्हणाला, "हाव, देतो ना." निर्मला वहिनी तेवढी हसली नाही. आठ दिवसांनी दादा स्वतः इथे डोणगावला येऊन पुडी देऊन गेला.

आईचा नियम, बी एका घरात ठेवायचं नाही. अर्धं तिच्याकडे राखेच्या मडक्यात, अर्धं माझ्याकडे डब्यात. माझं मी घालवलं. गच्चीच्या कामापायी दोन वर्षं पेरलं नाही, डब्यात ओल शिरली, सगळं बुरशीने खाल्लं. आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही. आता जपायचं.

२० जुलै
उगवलं! अगदी सगळं. आईचं बी निम्मं उगवलं तरी ती खूश असायची. हे म्हणाले, सासूबाई वरून लक्ष ठेवून आहेत. त्या गेल्यापासून या घरात आई हा शब्द काढला की मी रडते, आज हसले.

१२ ऑगस्ट
सात रोपं निवडली, रंगाच्या रिकाम्या बादल्यांत लावली. बुडाला भोकं, शेणखत, चुलीची राख. यांचं एकच, स्लॅब गळेल. गळू दे.

पुण्याला लेकीला फोटो पाठवला, खाली लिहिलं, तुझ्या आजीची भेदरं. तिने तीन बदाम पाठवले.

३० ऑगस्ट, राखी
जानेफळ. दादाला राखी बांधली. पुरणपोळी छान झाली होती, दोन खाल्ल्या. वहिनीला म्हटलं, तुमची भेदरं दाखवा. म्हणाली, यंदा लावली नाहीत. मागचं दार उघडायला गेले तर पटकन आडवी आली, तिकडे चिखल आहे म्हणाली. पाऊस तर आठ दिवस नव्हता. असो. प्रत्येक घरात काहीतरी पसारा असतो.

माझी झाडं गुडघ्याएवढी झालीत म्हटल्यावर दादा उठून बाहेर फोन घ्यायला गेला. फोन वाजलेला मी ऐकला नाही.

२६ सप्टेंबर
फळं धरली. एका झाडाला लांबट, दुसऱ्याला लिंबाएवढी गोल, कोपऱ्यातल्या झाडाची नुसती उंची. आईच्या भेदऱ्यांसारखं पसरट, पाच फोडींचं एकही नाही. लहान आहेत अजून. वाढली की फोडी पडतील.

बियासाठी ठेवायचं फळ आधीच ठरवायचं, ही आईची पद्धत. सगळ्यांत जोमदार झाडाच्या देठाला लाल दोरा बांधला. ते कुणी तोडायचं नाही. यांना दोनदा बजावलं.

१४ ऑक्टोबर
फोडी पडल्या नाहीत. बादलीचा दोष असेल. खत जास्त झालं असेल. आईला अंगण होतं, विहिरीचं पाणी होतं. इथे नळाचं. लिहिताना कळतंय की मी स्वतःलाच समजावत बसले आहे.

१८ ऑक्टोबर
रंग धरायला लागलेली अकरा तोडली. शेजारच्या गोठ्यातून तुरीचं कुटार, म्हणजे बारीक भुसा, आणलं. टोपलीत कुटाराचा थर, त्यावर फळं देठ खाली करून, वर परत थर. आई असंच पिकवायची. झाडावर पूर्ण लाल होऊ दिली तर पाखरं ठेवत नाहीत. आणि पिकल्यावरही आईच्या भेदऱ्याला देठाशी हिरवी टोपी राहायची. ती टोपी दिसली की माझं समाधान.

२३ ऑक्टोबर
टोपी नाही. अकराच्या अकरा देठापासून बुडापर्यंत एकसारखी लाल. दुकानात मांडल्यासारखी.

२५ ऑक्टोबर
बाजार. भाजीवाल्या चंद्रभागाबाई स्वतः पिकवून विकतात, त्यांच्यासमोर पिशवीतली चार मांडली. त्यांनी एक फोडलं, चाखलं.

"मॅडम, हे बजारच्या टमाट्याचं बी हाय. हायब्रीडचं बी धरलं का झाडं अशीच येतात, एकासारकं एक नाही. गावरान असं नाही करत. कोनं देलं तुमाले?"

म्हटलं, दुकानातून आणलं. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने भरबाजारात भावाची अब्रू झाकली. घरी येईपर्यंत पिशवीतली निम्मी चेपली होती.

२६ ऑक्टोबर
दादाला फोन केला. आधी म्हणाला, हवामान बदललं. मग म्हणाला, वहिनीने पुड्यांची अदलाबदल केली असेल. मी गप्प बसले. वर्गात पोरगं खोटं बोललं की मी अशीच गप्प बसायची. दोन मिनिटांत सगळं बाहेर आलं.

आईच्या तेरवीनंतर घर साफ करताना राखेचं मडकं त्यानेच रिकामं केलं. जुनी राख समजून. म्हणजे सहीच्या तीन महिने आधी. मेहकरला "हाव, देतो ना" म्हणाला तेव्हा त्याला माहीत होतं. मग बाजारातून टमाटे आणले, पिळले, बी वाळवलं, आणि आईच्या पेटीतलं लुगडं फाडून त्यात बांधलं.

"अवं, तू रडली असती म्हनून केलं. टमाटा टमाटाच असते ना?"

मडकं चुकून गेलं, ते मी समजू शकते. माझ्या डब्याचं मी काय केलं ते मला ठाऊक आहे. पण लुगडं चुकून फाटत नाही. मी ते डोळ्यांना लावत होते. देवघरात ठेवलं होतं.

शेताचं मला काहीच नव्हतं. आता वाटतं, सही करायला नको होती. असं वाटायला लावलं याचाच जास्त राग येतो.

२७ ऑक्टोबर
लाल दोरा सोडला. राहिलेल्या फळांची चटणी केली. यांना आवडली. मी खाल्ली नाही. लेकीला काय सांगू?

१५ नोव्हेंबर, भाऊबीज
मी जाणार नव्हते, तर तेच दोघे आले. दादाने साडी आणली, हिरवीच. ओवाळलं. ताटाकडे बघत ओवाळलं. तो यांच्याशी सोयाबीनवर बोलत राहिला, जणू काही झालंच नाही. जेवला पोटभर.

वहिनी माझ्यामागे गच्चीवर आली. रिकाम्या बादल्या बघितल्या. मग पिशवीतून रुमाल काढला, त्यात दोन फळं. कच्ची, जरा पोपटी झालेली. पसरट. मोजलं, पाच फोडी.

"ताई, मडकं त्याईनं मोरीच्या मांगं उबडं केलं होतं. पावसात तठी एक झाड उगोलं. मी कोनाले नाही सांगतलं."

म्हणजे राखीला ते दाराच्या पलीकडे होतं. मी इथे हायब्रीडला पाणी घालत होते आणि ते तिथे मोरीच्या पाण्यावर वाढत होतं. विचारलं, "काऊन नाही सांगितलं?" माहेरची बोली आपोआप तोंडात आली.

"तुमी सही करून देल्ली होती. आता सांगतलं तं तुमी सही माघारी घेसान, असं भेव वाटे."

मी तिला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. फळं मात्र घेतली. दादाची साडी घडी न मोडता कपाटात टाकली.

२३ नोव्हेंबर
कुटारातून काढली. बुडाला लाल, देठाशी हिरवी टोपी. एक चिरलं. साल पातळ, आंबट. जीभ म्हणते, आईचंच. पण जुलैत डोळेही हेच म्हणाले होते. मोरीच्या कडेला खरकटं पडतं, बाजारच्या टमाट्याच्या फोडीही पडत असतील. काय धरून चालायचं?

२६ नोव्हेंबर
वाटीत तीन दिवस भिजलेलं बी धुतलं, राखेत घोळलं, ताटलीत पसरलं. दादाचा फोन दोनदा आला. उचलला नाही.

३० नोव्हेंबर
बी खडखडीत वाळलं. आईच्या नियमाप्रमाणे दोन भाग केले. एक काचेच्या बरणीत, झाकणाला मेण लावलं. दुसरा कागदाच्या पुडीत. तो दुसऱ्या घरात ठेवायचा.

पुडीवर नाव घालायला पेन घेतलं. 'निर्मला' एवढं लिहिलं आणि खोडलं. मग कागद बदलला. नवी पुडी कोरीच टेबलावर आहे.