खांद्यांचं माप, रुआनासकट

नोब्सा, जुलैतला शनिवार

थोरले साडूभाऊ एव्हेलिओ यांना धाकट्या साडूचा, दहाही बोटं जागी असलेल्या दोन्ही हातांनी नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? ग्रासिएलाताईंचा खोकला गेला का? (कार्ताहेनासारख्या भट्टीत राहून माणसाला खोकला होतो कसा, हे मला कधी कळलेलं नाही. पण ताई तुमच्या, तुम्ही बघा.) इकडे सगळे मजेत. सासूबाई ठणठणीत आहेत आणि माझ्यात काय काय कमी आहे ते सकाळ-संध्याकाळ सांगतात. आता मुद्द्याचं सांगतो. सायकलच्या हँडलाबद्दल अख्ख्या बोयाकात माझ्याइतकं कळणारा माणूस आज दुसरा नाही. फुशारकी म्हणू नका. कसं कळलं ते वाचा आणि मग बोला.

ईस्टरपासून असं व्हायला लागलं की मोर्काची चढण चढून घरी आलो की माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. मी कुणाला बोललो नाही. पण एका रविवारी पाद्रीबाबा न्याहारीला आलेले, आणि माझ्या हातातून चांगुआचा कढत वाडगा सुटला तो थेट त्यांच्या मांडीवर. (दूध, अंडी, कोथिंबीर, सगळं. त्या झग्याला अजून कांद्याचा वास येतो म्हणे.) ओतिलियाने पाद्रीबाबांसमोरच जाहीर केलं, "सायकलवरून उतरून आणखी एकदा तुमच्या हातून भांडं पडलं ना, की ती सायकल कोंबड्यांच्या खुराड्यावर टांगलीच म्हणून समजा. ज्या हाताला वाडगा धरवत नाही, त्याला उतारावर ब्रेक काय धरवणार?" आणि दुपारी स्वतः खुराड्यावर खुंटी ठोकून मोकळी झाली. तुमची मेहुणी नुसती धमकी देत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. साडूभाऊ, तुम्हाला म्हणून सांगतो, मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. दुकान मुलाकडे गेलं, घरात सासूबाईंचं राज्य. ती एक चढण तेवढी माझी आहे.

पण मी हातपाय गाळणारा माणूस नाही. मी विचार केला, दोष बोटांचा नाही, हँडलाचा आहे. तडक नुबियाकडे गेलो. (खाटकाची धाकटी. तिने सायकलींचं दुकान काढलंय आणि उत्तम चालवलंय.) ती म्हणाली, हँडल खांद्यांइतकं रुंद हवं, माप घेऊ या, अंगावरचा तो घोंगडीएवढा लोकरीचा रुआना काढा. आता सकाळची वेळ, गवतावर हिव पडलेलं, आणि रुआनाच्या आत जो सदरा होता तो ओतिलियाने दोनदा फेकून दिलेला आणि मी दोनदा परत आणलेला. मी म्हटलं, "रुआना काढायला मी काय इथे आंघोळीला आलोय? घे वरूनच!" "काका, लोकर चांगली जाड आहे हो," ती म्हणाली. मी म्हटलं, खांदेही जाड आहेत. तिने हसत हसत घेतलं.

हँडल आलं ते चारचौघांच्या हँडलापेक्षा चांगलं चार बोटं रुंद. ते धरून मी निघालो तेव्हा सगळा वारा छातीवर, रुआना फुगलेला, आणि उतारावर दुधाची गाडी मला मागे टाकून गेली. चौकात न्हावी ओरडला, "अरिस्तोबुलोशेठ, बैल विकलात की काय? शिंगं तेवढी ठेवून घेतलेली दिसतायत!" (नवऱ्याला शिंगं फुटली म्हणजे बायकोचं बाहेर काहीतरी आहे, हा आपल्याकडचा अर्थ. ओतिलिया आठवडाभर त्या चौकातून गेली नाही, आणि न्हाव्याऐवजी मलाच बोलली.) बोटं होती तशीच बधिर.

मग मी उलटा विचार केला, आणि अशा वेळी माझं डोकं फार भराभर चालतं. हल्लीची पोरं अगदी अरुंद हँडल लावतात, वारा कापायला. मीही लावलं. वारा कापला गेला, खोटं नाही बोलणार. पण छाती अशी आवळली की श्वास आत जाईना, गुडघे कोपरांवर आपटायचे, आणि उतारावर सायकल शेळीसारखी दोन्हीकडे उड्या मारायची. शेवटी मी कांद्याच्या पातीने भरलेल्या एका गाडीत जाऊन पडलो. गाडीवाला म्हणाला, "काका, यायचंच होतं तर हात करायचा, थांबवली असती की!" लागलं काहीच नाही. पाती मऊ असते.

त्या पातीवर पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं. (मोठे शोध असेच लागतात.) हँडल खांद्यांइतकंच हवं, पण खांदे नुसते, लोकरीविना. ते बोटभर वर उचलायचं, म्हणजे अंगाचा भार तळव्यांवर येत नाही. मूठ किंचित आत वळवायची, म्हणजे मनगट मोडत नाही. वारा कापायचा तर हँडल कापून उपयोग नाही, आपली कोपरं वाकवायची आणि नाक खाली घालायचं. आणि सगळ्यावर कडी म्हणजे हँडलाला गुंडाळायची पट्टी. दुकानातली रबरी पट्टी पातळ. मी गुंडाळली लोकरीची, दुहेरी. तळहाताला असं वाटतं की कुणीतरी मायेने हात धरलाय.

गेल्या रविवारी मोर्का चढून उतरलो. दारात ओतिलिया उभी, हातात गुळाच्या कढत पाण्याचा कप. म्हणाली, "हा अंगण ओलांडून आईला नेऊन द्या." सासूबाई पलीकडे उन्हात बसलेल्या, डोळे माझ्या हातांवर. मी चाललो, साडूभाऊ. एक थेंब सांडला नाही! खुराड्यावरच्या त्या खुंटीला ओतिलियाने आता लसणाची माळ लटकवली आहे. सायकल ओसरीवर आहे.

तुमचा
अरिस्तोबुलो

ता. क. नाताळात तुम्ही तुमचा रुआना इथेच विसरून गेलात. सासूबाईंनी दोघा जावयांना एकेक विणून दिला होता, त्यातला. लोकर फारच उत्तम होती. 'होती' असं मुद्दाम लिहिलंय, यावरून काय ते समजा. (माझा कसा कापणार? मी रोज घालतो.) तर कृपा करून सासूबाईंना चार ओळी लिहा की रुआना तुमच्याकडेच आहे, आणि कार्ताहेनात अशी थंडी पडली आहे की तो अंगातून काढवत नाही.

आणखी ता. क. भाऊजी, मी ओतिलिया. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून लिहिते. रुआनाचं आईला पहिल्या दिवशीच कळलं, तेव्हा थंडीचं काही लिहू नका, ती हसून हसून पडेल. आणि तो कप मी अर्धाच भरला होता. हे त्यांना कधी सांगू नका.