सरूच्या हातच्या बरण्या

प्रिय सरू,

घरी सगळं ठीक आहे. आईचा गुडघा धरतो, जीभ मात्र पूर्वीसारखीच चालते. तुझ्या शेळीला दोन करडं झाली. त्यातलं पांढरं तुझं, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. तुला वाचता येत नाही, म्हणून हे पत्र तुमचे कुलकर्णी ओटीवर बसून वाचतील आणि अख्खं घर ऐकेल, हे मला ठाऊक आहे. तरी लिहितो आहे.

परवा पलटणीतला पासकोल नवी बरणी घेऊन दारात आला. तोच, गोव्याकडचा, ज्याने दोन वर्षांपूर्वी काचेच्या बारा बरण्या पोत्यातून आणल्या होत्या. त्यांचा ईस्टर, तो पास्का म्हणतो, येशू मेलेल्यातून उठला त्या पहाटेचा सण. बरण्या रंगवून, आत दिवे लावून नव्या प्रार्थनाघरात मांडायच्या होत्या. तुझे यजमान बजरंगराव मोहिमेवर, म्हणून तू माहेरी होतीस. मी ऐटीत होकार दिला आणि पहिल्याच बरणीने माझी जिरवली. डिंकातला रंग वाळला की काचेवरून खपलीसारखा सुटायचा. मी काचेला शिव्या देत बसलो. तू चटणी वाटता वाटता उठलीस, लसणाची पाकळी चिरून बरणीला चोळलीस, वाळू दिलीस आणि वर लाल हिंगुळाचा एक ठिपका ठेवलास. तो नखाने खरवडला तरी निघेना.

मग बाराही बरण्या तूच रंगवल्यास. डाळिंबाची फुलं, पोपट, आणि पासकोलने सांगितलेलं कोकरू. ते तू आपल्या शेळीवरून काढलंस, म्हणून त्याला दाढी आली. मी रंग घोटले, एवढंच. सणाच्या पहाटे दिवे लागले तेव्हा तुझी फुलं मातीच्या भिंतींवर पडली. त्यांच्या पाद्र्याने माझा हात हातात घेतला. हे माझ्या बहिणीचं काम, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. मी मान डोलावली. खरं सांगतो, तेव्हा लाजही वाटली नाही. बरं वाटलं.

चार दिवसांनी जातीचे पंच घरी आले. फिरंग्यांच्या उष्ट्या बरण्या घरात घेतल्या कोणी, रंगवल्या कोणी, असं विचारू लागले. त्यात काही पाप होतं असं मला वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. पण राममंदिराची भिंत रंगवायचं काम मला मिळणार होतं. मी म्हणालो, मी नाही, सरूने, माझ्या पाठीमागे. तू आईमागे उभी होतीस. माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि पंचांसमोर मान खाली घातलीस. कौतुक मी घेतलं आणि ठपका तुला दिला.

ती बातमी खराडीला, तुझ्या सासरी, तुझ्याआधी पोचली. गोठ्यात तुझी वेगळी चूल, पाण्याच्या हंड्याला शिवायचं नाही, हे सगळं बाजाराला येणारा तुमच्या गावचा संपत मला सांगत होता, आणि मी मंदिरात सीतेच्या पदराला नक्षी काढत होतो. परवा पासकोलच्या नव्या बरणीला लसूण चोळला आणि त्या वासाने मला कुंचला धरवेना. तोच म्हणाला, बजरंगरावांची तुकडी परतते आहे. ते आले की सासरे त्यांचं दुसरं लग्न लावणार, हे संपतने आधीच कानावर घातलं होतं.

खराडी काही लांब नाही. येऊन तुझी एकटीची माफी मागितली असती तर ते माझ्या सोयीचं झालं असतं. खोटं मी चारचौघांत बोललो, तर खरंही चारचौघांत ऐकलं जावं, म्हणून हे पत्र. काल पंचांनाही सांगून आलो. मंदिराचं काम गेलं. कुलकर्णीतात्या, इथे आवाज खाली आणू नका. बरण्या मी घरात घेतल्या. होकार मी दिला. सरूने थोरल्या भावाची अब्रू राखली आणि त्याने तिची घालवली. मच्छिंद्रराव, तुमची सून निर्दोष आहे. कोणाला बाहेर बसवायचंच असेल तर मला बसवा. सरू, तू हे गोठ्याच्या दारातून ऐकत असशील. तर ऊठ, ओटीवर ये, आणि त्यांना हे पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचायला सांग.

तुझाच, तुझ्यासमोर यायची अजून लाज वाटणारा,
दिगंबरदादा