बाबांच्या जीपीएसमधला नकाशा

मने,

बाबांच्या सायकलच्या जीपीएसमध्ये तू सांगितलेला नकाशा घालायला बसले. अख्ख्या देशाचा मावेना, म्हणून आपल्या जिल्ह्याचाच निवडला. तरी जागा पुरेना, तेव्हा जुना पुसून टाकला. आता नवा निम्म्यावर अडकलाय आणि माझं डोकंच चालेनासं झालंय.

तेवढ्यात बाबा तसेच सायकल घेऊन निघून गेले. "रस्ता मला पाठ आहे," म्हणाले. परवाही हेच म्हणाले होते, आणि शेवटी पोस्टमनने घरी आणून सोडलं.

मी कालव्याच्या रस्त्याने शोधायला जातेय. तू घरीच थांब. ते आधी आले तर कुठे गेला होतात, असं विचारू नकोस.

आज सकाळी त्यांनी मला 'ताई' म्हणून हाक मारली, आणि मी ओ दिली.

आई